झाकणभर

पनवेल
१२ जुलै २०२४

चि. गुरू यास,

फोन करत नाही. आठ वर्षांपूर्वी बाबांच्या बाराव्याला मी आले नाही, तेव्हा तूच फोनवर म्हणाला होतास, "परत तुझो आवाज माका ऐकूक घालू नको." आवाजाला बंदी आहे, अक्षराला नाही, असा सोयीचा अर्थ मी काढलाय. अक्षर बघून हसू नकोस. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस घेतलेल्या बाईचंच आहे ते. हल्ली बोटं पेन नीट धरत नाहीत.

मार्चमध्ये मी बँकेच्या पायरीवर पडले. एप्रिलमध्ये घरात, सपाट लादीवर. शेवटी मोठ्या डॉक्टरकडे गेले. सुया टोचल्या, करंट दिला, रक्त कुठेकुठे पाठवलं. निदान असं की नसांचा आजार आहे, पिढीजात. तळपायापासून सुरू होतो, पिंढऱ्या सुकतात, पाऊल लटकतं, मग हात. जीव जात नाही, पण बराही होत नाही. विनीतनी रिपोर्ट वाचला आणि एवढंच म्हणाले, "हे लग्नाआधी सांगायला हवं होतं." चोवीस वर्षं संसार केल्यावर नवरा माल परत करायच्या गोष्टी करतो, तेव्हा काय बोलावं ते तूच सांग.

पण पत्र त्यासाठी नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात असं अजून कोण चालायचं? मी म्हटलं, कोणी नाही, वडील झोकांड्या खायचे, पण ते दारूमुळे. डॉक्टर म्हणाले, "सकाळी सात वाजता पण?"

गुरू, बाबा सकाळी दात घासायला न्हाणीकडे जाताना पडायचे. हाताला धरून मी उठवलंय. आपण म्हणायचो, रात्रीची उतरली नाही अजून. तुझे पाय कसे आहेत?

ताई

—

सुरंगवाडी, ता. मालवण
३ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,

पत्र मिळालं. पोस्टमनलाही नवल वाटलं, पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून. तुझ्या दुखण्याचं वाईट वाटलं. आमच्या हिने, शेवंतीने, देवीची तुझ्या नावाने ओटी भरली.

पण बाबांना त्यात ओढू नको. तू लग्न करून गेलीस. तिठ्यावरच्या बारमधून त्यांना घरी मी आणायचो, सतराव्या वर्षापासून, रोज संध्याकाळी. तुला चांगला नवरा मिळाला आणि मला बापाशीचं ओझं. आता डॉक्टरने चार अक्षरं लिहून दिली की बाबा एकदम संत?

आणि हे बोलायची वेळ नाही. यंदा दसऱ्याला देवीची तरंगकाठी उचलायचा मान आपल्या घराला परत मिळणार आहे. गणपतदादा मानकरी स्वतः घरी आले होते. बाबांच्या हातून काठी पडून मान गेला त्याला पंचवीस वर्षं झाली. अट एकच, मी देवीपुढच्या गाऱ्हाण्यात बाबांची चूक कबूल करायची आणि स्वतः दारू न पिण्याची शपथ घ्यायची. मी हो म्हटलंय.

माझे पाय बरे आहेत.

गुरुप्रसाद

—

पनवेल
११ ऑगस्ट २०२४

चि. गुरू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मजकूर नाही, अक्षर. 'मानकरी'तला 'म' तीन ठिकाणी तुटलाय, रेघ ओळ सोडून खाली गेलीय. लिहिताना किती घेतली होतीस? दारू न पिण्याची शपथ घेणार म्हणतोस आणि तेच पत्र पिऊन लिहितोस. ज्या बारमधून बापाला आणायचास तिथेच तू बसायला शिकलास, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. बोटीवरून तुला का काढलं तेही कळलं होतं.

तो आजार असेल तर दारू त्याला विष आहे. धडधाकट माणूस चार पेग पिऊन घरी जातो, आपल्यासारख्याला एका पेगात जमीन सापडत नाही. डॉक्टरांनी मला खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घ्यायला सांगितलंय. सोड ती. पाया पडते.

ताई

—

सुरंगवाडी
२० ऑगस्ट २०२४

ताई,

दोन वर्षं झाली. एक थेंब नाही. शेवंतीला विचार, नाहीतर देवीला विचार.

बोटीवर सगळे प्यायचे. त्यांचं क्वार्टर व्हायचं आणि ते जाळं ओढायला उभे. मी अर्धा पेग घेतला की गुडघ्याखाली माझं काही नसायचं. "बायलेसारखो पिता आणि रेड्यासारखो पडता," म्हणून हसायचे. एकदा जाळ्यात पडलो, मग काढलं. म्हटलं, ही दारूच सोडतो, पाय सुधारतील. मी सोडली, पायांनी सोडली नाही. दुकानात गल्ल्यावर बसतो म्हणून दिसत नाही एवढंच. रस्त्याने चाललो की लोक अजून वाट सोडून बाजूला होतात.

तू पण अक्षर बघून तेच म्हणालीस. गाव निदान चालताना बघून म्हणतं, तू चारशे किलोमीटरवरून म्हणालीस.

बाबांचं म्हणशील तर त्यांच्या अंगाला वास यायचा. दसऱ्याला काठी पडली तेव्हा तर उपरण्याला घमघमाट होता, सगळ्या गावाने घेतला. तुला खरंखोटं करायचंच असेल तर किशोरी आतेला लिही. त्यांच्याबद्दल कोणाला माहीत असेल तर तिला. मी विचारलं तर ती रडते आणि चहा करायला आत जाते.

गुरू

—

बांदा
२० सप्टेंबर २०२४

चि. रसिका हीस किशोरी आतेचा आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीच्या आधी आलं. घरात गणपती असताना हे लिहायला हात धजला नाही. आता विसर्जन झालं. मी एकाहत्तरची आहे, हे बरोबर घेऊन जायची माझी छाती नाही.

तू विचारलंस, बाबा पीत होते का. तरुणपणी चारचौघांसारखे घोटभर घेत. पण ते त्याला कधी सोसलं नाही. काठी पडली त्या वर्षीच्या मे महिन्यात तुझा बाप, दत्ता, माझ्याकडे आला होता. तुझे काका त्याला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरने त्याचे पाय बघितले आणि विचारलं, आई कशी चालायची? आमची आई, तुझी तुळसा आजी, बगळ्यासारखी पाय उचलून टाकायची. गाव म्हणायचं, हिने विहिरीवर काहीतरी ओलांडलं. डॉक्टरने सांगितलं, आईकडून आलंय, मुलांतही निम्म्यांना जाऊ शकतं, औषध नाही. आणि दारूचा थेंब घेऊ नको. त्या दिवसापासून त्याने घेतली नाही. मे महिना, आणि काठी पडली ऑक्टोबरात. आता कळलं?

तुला आठवत असेल, दसऱ्याला काठी उचलण्याआधी शिवेवरच्या राखणदार देवाला दारू दाखवतात आणि मानकऱ्याने झाकणभर प्रसाद घ्यायचा असतो. प्रसाद नाकारता येत नाही. दत्ताने झाकण ओठाला लावलं आणि उपरण्यात ओतलं. तो वास. वीस पावलं गेला आणि पाय दुमडला. देवीची काठी मातीत.

सगळे धावले. उपरण्याचा वास घेतला. "दत्ताराम, पिऊन इलंस?" त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. तुझं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. विनीतचे चुलते तिथेच उभे होते, दसरा बघायला आलेले. दत्ता म्हणाला, "होय, पियालंय."

संध्याकाळी मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "दारू सुटता गो, रगत सुटणा नाय. दारुड्याच्या चेडवाक घो गावता. रोग्याच्या चेडवाक कोण करतलो?" आणि खरंच, दारुड्याची मुलगी म्हणून विनीतच्या घरच्यांनी हरकत घेतली नाही, एवढंच म्हटलं की दारू कुठल्या घरात नसते. लग्न झालं.

नंतर रोज बारमध्ये जाऊन बसायचा. सोडा प्यायचा. नुसता सोडा. कोणाला संशय येऊ नये म्हणून निघताना शर्टावर दोन थेंब शिंपडून घ्यायचा. मी म्हटलं, आता सांग, पोर सासरी गेली. तर म्हणाला, गुरूचं लग्न होऊ दे. मग तुला रिया झाली, तेव्हा म्हणाला, आता तिचं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली होती. तो गेला तरी शपथ जाईना. तू बाराव्याला आली नाहीस तेव्हा मी तुला शिव्या दिल्या, पण मनात म्हटलं, हिचा काय दोष, हिला ज्याची लाज वाटावी तेच तर त्याने मुद्दाम करून ठेवलं.

मला माफ करू नकोस. मला ती सवय नाही.

किशोरी

—

पनवेल
२४ सप्टेंबर २०२४

गुरू,

आतेचं पत्र सोबत पाठवतेय. मूळच पाठवतेय, झेरॉक्स नाही. तू हात लावून बघावंस म्हणून.

माझ्या लग्नात बाबा मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून होते. मी जाऊन त्यांच्या कानात म्हटलं होतं, "आजचो एक दिवस तरी उठू नको, माका लाज वाटता." ते खरंच उठले नाहीत. अक्षतासुद्धा बसूनच टाकल्या. माझ्यासाठी ज्या माणसाने स्वतःचं नाव मातीत घातलं, त्याच्या बाराव्यालाही मी गेले नाही. विनीतना पत्र दाखवलं नाही. ते म्हणतील, बघ, म्हणजे तुझ्या बापाने फसवलं. आणि ते खोटंही नाही.

आता तू दोन गोष्टी कर. एक, काठी उचलू नकोस, तुझ्याने होणार नाही. दुसरी, देवळात उभा राहा आणि बाबा प्यायले नव्हते हे गाऱ्हाण्यात सांग. मी रिपोर्ट घेऊन येते. तू सांगितलंस तर मी पंचवीस वर्षांनी त्या देवळात पाय ठेवीन. ज्याचं नाव गेलं त्याला ते परत तरी मिळू दे.

ताई

—

सुरंगवाडी
५ ऑक्टोबर २०२४

ताई,

आतेचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. शेवंतीलाही दाखवलं नाही.

तुला एक गोष्ट सांगतो, ती कोणाला माहीत नाही. मी वीस वर्षांचा होतो. बारच्या दारात सगळ्यांसमोर मी बाबांच्या थोबाडीत मारली. ते हसले. दारुडा हसतो तसे हसले असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्यांच्या पुढ्यात टेबलावर सोड्याची बाटली होती. मी बघितली होती ती. सोबत दुसरं काही नव्हतं तेही बघितलं होतं. रोज बघायचो. आणि त्याच टेबलावर बसून, त्यांचीच वाट बघत, मी प्यायला शिकलो. मला पिताना बघून ते काय समजले असतील? एकदा म्हणाले होते, "तू नको घेव रे, आपणाक सोसणा नाय." 'आपणाक' म्हणाले. मला वाटलं, बापूस दारुड्यासारखा लडिवाळ बोलतोय.

तू म्हणतेस सांग. काय सांगू? आमच्या घराण्याच्या पायांत रोग आहे, आणि काठी आमच्याकडे द्या? पायावर उभा न राहणारा मानकरी कोण ठेवेल? रोग्याचा मान गेला की तो कायमचा, दारुड्याचा निदान परत येतो. आता येतोय. बाबांचा फोटो मानकऱ्यांच्या ओळीत लागेल. त्यासाठी एकदा "बापाशीची चूक पदरात घे" म्हणायचं, तर मी म्हणेन. बाबांनी स्वतः म्हटलेलंच मी म्हणणार आहे.

आणि पायांची काळजी करू नको. काठी हातात घेतली की ज्याचे पाय लटपटतात त्याच्या अंगात देवी आली म्हणतात. वर्षभर मी झुलतो ती दारू, दसऱ्याला झुललो की अवसार. फक्त काठी पडता कामा नये.

येऊ नकोस.

गुरू

—

सुरंगवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

ताई,

आतेने तुला फोन केलाच असेल. तरी माझ्या हाताने लिहितो. पाच दिवस लागलेत हे पत्र लिहायला.

सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. गणपतदादा सांगत गेले, मी मागून म्हणत गेलो. "बाय माझे आवशी, माझ्या बापाशीन दारू पिऊन तुझी काठी पाडली, ती चूक पदरात घे." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." मग माझी शपथ, जन्मात दारूला शिवणार नाही. "होय म्हाराजा." तिथून शिवेवर गेलो. राखणदाराला दाखवून झाल्यावर गणपतदादांनी बाटलीचं झाकण भरलं आणि माझ्यापुढे धरलं. ज्या तोंडाने शपथ घेऊन पाव तास झाला नव्हता त्या तोंडापुढे. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "ही दारू न्हय रे, परसाद."

मला उपरण्याची युक्ती माहीत होती. उपरणं खांद्यावर होतं. पण बाबांचं नाव नुकतंच मातीत घालून आलो होतो, आता परत त्यांचीच लबाडी करायला मन होईना. एक तरी गोष्ट खरी करावी म्हटलं. प्यालो. झाकणभर.

तू लिहिलं होतंस ते खरं आहे. सोसत नाही. त्यातून दोन वर्षांत थेंब नव्हता आणि सकाळपासून उपास. काठी उचलली तेव्हा तळव्यांखाली जमीन होती, सावंतांच्या फाटकापर्यंत ती गेली. गुडघे लागले थरथरायला. ढोल वाढला. "अवसार इलो, अवसार इलो!" बायका पदर पसरून आडव्या. मला चिखलातून काढल्यासारखं एकेक पाऊल उचलावं लागत होतं, आणि लोक नमस्कार करत होते. गणपतदादा समोर येऊन हात जोडून म्हणाले, "बाये, काय सांगणा आसा तुझा? बोल."

ताई, मी खरंच काही ठरवलं नव्हतं. पण एवढी शांतता झाली, एवढे कान माझ्याकडे लागलेले जन्मात कधी बघितले नव्हते. देवीने सांगितलं तर ह्या गावात कोण खोटं म्हणणार? मी म्हणालो, "दत्ताराम पियालेलो नव्हतो. तेच्या नसांत रोग होतो."

गणपतदादांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं. लहानपणचे मित्र ते बाबांचे. तिथे थांबलो असतो तर बाबा सुटले होते. पण तोंडात आलं ते बोललो, "माझ्यात पण आसा."

मागच्या गर्दीतून भिकाजी म्हणाला, "देवी कशी म्हणतली माझ्यात पण आसा?"

गणपतदादा पुढे आले, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. वास आला त्यांना. त्यांनीच भरलेल्या झाकणाचा. त्याच वेळी उजवा पाय दुमडला. काठी पडली. बाबांच्याच जागेवर नाही, पाचपंचवीस पावलं पुढे. तेवढी प्रगती.

मग देवीसमोर खरं सांगायला हातात नारळ दिला. "पिऊन इलंस?" माझ्या आधी कोणीतरी मागून म्हणालं, "बापाशीवर गेलो." गणपतदादांनी हळूच विचारलं, "आणि ता रोगाचा म्हणालंस ता काय?" ते विचारत होते हे लक्षात घे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. समोर किशोरी आते उभी होती. तिने मान हलवली नाही की काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे तुझी रिया आली. वीस वर्षांची पोर, उद्या कोणी चौकशीला आलं तर ह्याच गावात येणार, आईचं माहेर कसलं ते बघायला. मी म्हटलं, "ता मी नाय बोललंय. दारू बोलली."

नारळ ठेवला. मान गेला.

बाबा न पिता खोटं बोलले, ते गावाला पटलं. मी पिऊन खरं बोललो. मग मीच ते पुसलं. आता रियाला काही त्रास होणार नाही. मामाने दारू प्यायली, एवढंच कळेल.

तिला माझा आशीर्वाद सांग.

गुरू

—

पनवेल
९ नोव्हेंबर २०२४

चि. गुरू,

पत्र मिळून दहा दिवस झाले. तुझ्यावर चिडावं तर तू माझ्याच पोरीसाठी केलंस, आणि तुझे उपकार मानावे तर जीभ उचलत नाही. तुम्ही दोघा बापलेकांनी आम्हाला विचारलं असतं तर? मला नाही, रियाला नाही. आम्हाला वाचवायचं असं तुमच्या तुम्हीच ठरवलंत आणि ज्याच्याबद्दल बोलायला हवं तेच तेवढं झाकून ठेवलंत.

रियाचा रिपोर्ट आला. आहे तिच्यात. मी तिला सगळं सांगितलं, आजोबांचं, सोड्याचं, तुझ्या काठीचं. म्हटलं, ह्या घरात आता लपवणं बंद. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मामाला सांग, मी येते दिवाळीनंतर." मला बरं वाटलं.

परवा ती कॉलेजच्या सहलीहून आली. तिथे किल्ल्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर पडली होती, गुडघा फुटलाय. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. तिकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. रिया हसली आणि म्हणाली, "अगं काही नाही गं, आदल्या रात्रीची उतरली नव्हती. मला जरा पण झेपत नाही ना."

ती घोटभरही घेत नाही, गुरू. पलीकडची मैत्रीण पण हसली असणार, कारण रिया परत हसली, आणि विषय संपला.

मी आत जाऊन तिच्या हातातला फोन काढून घ्यायला हवा होता. मी चहा गाळला. बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, "ऐकलंस का?" मी म्हटलं, "नाही."

ताई